सायकल घेऊन चिखलदऱ्याला जाताय? गवळ्याच्या अंगणात उतरा

डिसेंबरात आंबिया बहारासाठी संत्र्याचं पाणी तोडलं की आमच्याकडे बागेत फारसं काम राहत नाही. झाडाला महिना-दीड महिना ताण द्यायचा, पानं जराशी मलूल होऊ द्यायची, मग खत घालून पाणी सोडलं की बाग फुलावर येते. चांदूर बाजार तालुक्यातल्या संत्रावाल्याला वर्षातून मोकळे दिवस मिळतात ते एवढेच. सहा वर्षांपासून मी हे दिवस सायकलसाठी राखून ठेवतो. माझी सायकल जाड टायरची, पुढं सस्पेन्शन असलेली, डोंगरात चालवायची आहे. आणि आमचा डोंगर म्हणजे सातपुडा. बागेच्या धुऱ्यावर उभं राहिलं की उत्तरेला त्याची निळी रेघ दिसते. त्या रेघेवर कुठंतरी चिखलदरा.

सहापैकी पाच वर्षं मी वर गावातच, पॉइंटांच्या आसपास उतरलो. यंदा पहिल्यांदा गावाच्या अलीकडे, मोथ्याच्या बाजूला, एका गवळी कुटुंबाच्या घरी राहिलो. तीन रात्री. सोबत अमरावतीला शिकणारा भाचा आणि आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतले मास्तर होते. परत आल्यापासून ओळखीतले चार-पाच सायकलवाले विचारताहेत, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो. नुसतं फिरायला, लेकराबाळांना पॉइंट दाखवायला जाणार असाल तर वरच्या गावातली हॉटेलंच सोयीची पडतील. हे सायकलवर जाणाऱ्यांसाठी आहे.

आधी मागच्या वर्षीचं सांगतो, म्हणजे मी जागा का बदलली ते कळेल. वर एका मोठ्या रिसॉर्टात खोल्या घेतल्या होत्या. शनिवार होता. रात्री लॉनवर डीजे लागला तो एक वाजेपर्यंत. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मास्तर उशी डोक्यावर घेऊन पडून राहिले. सायकली खोलीत नेऊ दिल्या नाहीत, फरशी खराब होते म्हणाले. गाड्यांच्या रांगेत भिंतीला टेकवून ठेवाव्या लागल्या. पहाटे पाहतो तर कुणाची तरी गाडी मागं घेताना भाच्याच्या सायकलला लागलेली, मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा, हँगर वाकलेला. हँगर म्हणजे दोन बोटांएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा असतो, पण तो वाकला की चेन जागेवर राहत नाही. चढावर खालचा गिअर लावायला गेलं की चेन थेट स्पोकांत. पोराची ट्रिप तिथंच संपली. कुणी जबाबदारी घेतली नाही की साधं वाईट झालं म्हणाले नाहीत.

त्याहून मला लागलं ते दुसरंच. आम्हाला उजेडताच निघायचं होतं आणि किचन उघडायचं आठला. चहा होईस्तोवर साडेआठ, पोहे येईस्तोवर सव्वानऊ. आम्ही दोघं सायकलवर बसलो तेव्हा पॉइंटांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागून गेली होती. डोंगरातली सकाळ, जिच्यासाठी सत्तर किलो देह घाटातून वर ओढत आणायचा, ती चहाची वाट पाहण्यात गेली. घाट उतरताना मनाशी ठरवलं, पुढच्या वेळी खोली, बेड, टीव्ही काही विचारायचं नाही. तुमच्याकडे सकाळी किती वाजता चूल पेटते, एवढंच विचारायचं.

यंदा नोव्हेंबरातच शोध सुरू केला. पचमढीचा विषय निघाला होता. जागा सुंदर आहे, पण आमच्याकडून सायकली गाडीवर टाकून न्यायला एक दिवस, आणायला एक दिवस, आणि नाताळाच्या सुमारास तिथंही जत्राच असते. तोरणमाळ तर खानदेशाच्या पार टोकाला. शांतताच हवी तर सेमाडोह आणि कोलकास ही वनखात्याची ठिकाणं आहेत, सिपना नदीच्या काठावर. रात्री तिथं नदी आणि रातकिडे यांशिवाय काही ऐकू येत नाही. पण तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला हा एक. तिथल्या जंगलवाटांवर सायकल घालायची नसते आणि घालूही नये. शांत झोपायला सेमाडोह उत्तम, सायकल चालवायला नाही.

मग मास्तर म्हणाले, चिखलदराच धरू, पण चिखलदऱ्यात नको. पठारावर शहापूर, आलाडोह, मोथा, लवादा अशी लहान गावं आहेत. गावांना जोडणारे साधे रस्ते आहेत, मुरमाच्या पायवाटा आहेत, गवळ्यांची आणि कोरकूंची वस्ती आहे. मास्तरांची नोकरीची पहिली सहा वर्षं मेळघाटात गेलेली. त्यांच्या एका जुन्या ओळखीच्या ओळखीतून हे घर मिळालं. रस्त्यावरच्या पत्र्याच्या फलकावर नाव नाही. निळ्या रंगानं नुसतं ‘राहण्याची व जेवणाची सोय’ असं लिहिलंय आणि खाली बाण.

परतवाड्यापर्यंत सायकली पिकअपमध्ये टाकून आणल्या आणि तिथून पॅडल मारत गेलो. धामणगाव गढीपर्यंत संत्र्याचे मळे सोबत असतात, मग घाट. परतवाड्याहून वर साधारण तीस किलोमीटर आणि चढ सातशे मीटरच्या वर. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. घाईनं जाण्याचा हा रस्ता नाही. सगळ्यात खालचा गिअर, बसून, श्वासाला धरून. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मास्तरांनी थांबवलं आणि पाणी पिता पिता इतिहास सांगितला. १८०३ सालचा हाच डिसेंबर महिना. गाविलगड भोसल्यांच्या ताब्यात होता. इंग्रजांच्या कर्नल स्टिव्हनसनची फौज धामणगावच्या बाजूनंच डोंगरात शिरली आणि जड तोफा माणसांनी हातांनी ओढत, दऱ्या ओलांडत किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला, आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. मी लहानपणापासून गाविलगड बघतोय, पण तोफा ओढल्या ही गोष्ट मांड्या भरून आलेल्या असताना ऐकली तेव्हा खरी कळली. पुढची दोन वळणं कुणी बोललं नाही.

साडेतीन तासांत पोचलो. आता घराबद्दल.

मुख्य रस्ता सोडला की चारशे पावलं मुरमाचा उतार. मग अंगण. डाव्या हाताला म्हशींचा गोठा, उजवीकडे कुटाराची, म्हणजे गुरांच्या भुशाची खोली, समोर घर, आणि घराला लागून नंतर बांधलेल्या चार खोल्या. विटांच्या, वर पत्रा, पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या. अंगण शेणानं सारवलेलं, इतकं स्वच्छ की बूट काढावेसे वाटले. घरधनी चाळिशीचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्यांच्या आईला आजी.

आम्ही सायकली भिंतीला टेकवल्या तसे दादा गोठ्यातून हात पुसत आले. “बाहीर नका ठेवू भाऊ. रातच्यानं दव पडते. कुटाराच्या खोलीत घ्या, कुलूप लावून देतो.” भाच्याचा चेहरा खुलला. त्या खोलीत अर्ध्यावर तुरीचं कुटार भरलेलं, अर्धी मोकळी, वाळक्या पाल्याचा वास. तीन सायकली आरामात मावल्या. किल्ली दादांनी आमच्याच हातात दिली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

संध्याकाळी सायकली धुवायला पाणी मागायला मी संकोचत होतो. डोंगरावर पाण्याचं मोल असतं, उन्हाळ्यात तर फारच. दादांनी गोठा धुवायचा पाइप दाखवला आणि म्हणाले, गोठ्याचं पाणी खाली लसणाच्या वाफ्यात जातं, तिथंच धुवा, पाणी वाया जात नाही. मग रोज संध्याकाळी आम्ही लसणाच्या वाफ्याशी सायकली धूत बसायचो. फक्त चेनला लावायचं डिग्रीझर तिथं वापरलं नाही, चेन कोरड्या फडक्यानं पुसली. कुणाच्या पिकात रसायन जाऊ नये.

रात्र. आठला जेवणं झाली, नऊला घर झोपलं. अधूनमधून म्हशीच्या गळ्यातली घंटी वाजायची, तेवढंच. साखरझोपेत होतो तर कानावर आवाज आला, बादलीत दुधाची धार पडण्याचा. आधी रिकाम्या बादलीवर टणटण, मग दूध चढत जाईल तसा तो आवाज जाड, मऊ होत जातो. घड्याळात पाहिलं, चार वाजून वीस मिनिटं. बाहेर आलो. गोठ्यात पिवळा बल्ब, म्हशींच्या पाठीवरून वाफ निघत होती, दादा उकिडवे बसलेले. चूल पेटलेली होती. आजींनी मला पाहिलं आणि काही न विचारता पातेलं चढवलं.

मी मागच्या वर्षी घाटात जे ठरवलं होतं त्याचं उत्तर मला त्या चुलीशी मिळालं. ज्या घरात दूध काढतात ते घर चारला उठलेलंच असतं. तिथं पहाटेचा चहा मागावा लागत नाही, पाहुणा म्हणून कुणाला त्रासही होत नाही. सायकलवाल्याचं आणि गवळ्याचं घड्याळ एकच. रिसॉर्टवाल्याचं घड्याळ रात्री उशिरा झोपणाऱ्या पाहुण्याच्या सोयीनं चालतं, आणि तो दोघांना एकाच वेळी खूष ठेवू शकत नाही.

साडेपाचला आम्ही तिघं तयार होतो. मास्तर हेल्मेट घालून घाई करू लागले तर आजी म्हणाल्या, “पयले च्या घ्या, मंग जा. उजेड कुठी पयून जाते काय?” म्हशीच्या निरशा दुधाचा चहा, गूळ घातलेला. सोबत रात्रीची ज्वारीची भाकर तव्यावर कडक केलेली, वर लोण्याचा गोळा. यावर तीन तास सायकल चालते, माझा अनुभव आहे.

सायकल चालवायच्या वाटांबद्दल लिहितो. पहिल्या दिवशी मोथ्याहून आलाडोहकडे आणि शहापूरवरून वळसा घेऊन परत. आमच्या मीटरवर सव्वीस किलोमीटर भरले. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा मुरमाचा. चढ लहान लहान पण एकामागून एक, श्वास जागेवर यायच्या आत पुढचा. जमीन काळ्या कातळाची, वर सुटा मुरूम आणि गोट्या. इथं टायरची हवा फार महत्त्वाची. घाट चढताना मी चाळीस पीएसआय ठेवली होती, वर आल्यावर अठ्ठावीसवर आणली. फुग्यासारखा टणक टायर गोट्यांवरून उडतो, हवा कमी केली की तोच टायर गोट्यांना धरून चालतो. भाच्यानं पहिल्या दिवशी ऐकलं नाही. दोनदा मागचं चाक घसरलं, मग आपणहून व्हॉल्व्ह दाबला.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. एक, सराटे. शेताच्या कडेनं गेलात की टायरला सराटे चिकटतातच. लगेच उपटू नका. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट भोक बुजवतं. ट्यूब असेल तर उपटल्याबरोबर हवा जाईल, म्हणून पंक्चर काढायच्या तयारीनं सावलीत बसूनच उपटा. मास्तरांच्या ट्यूबा तीन दिवसांत चारदा पंक्चर झाल्या. दुसरं, कुसळं. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि कुसळं मोज्यात शिरून घोट्याला टोचत राहतात. आखूड मोजे नेऊ नका. पिंडरीपर्यंतचे, घट्ट विणीचे न्या.

पावसाळ्यात यावं का, असं बरेच जण विचारतात. डोळ्यांना तेव्हा चिखलदरा स्वर्ग असतो, ढग रस्त्यावर उतरतात. पण त्याच ढगात वळणावर समोरची गाडी दहा हातांवर येईस्तोवर दिसत नाही. आणि वर यायच्या आधी आपल्या शेतशिवारातून आलात तर काळी माती चाकात अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर, हा काळ धरा. पुढं फेब्रुवारीपासून सागाची पानं गळून वाटांवर जाड थर होतो आणि त्याखालचा दगड दिसत नाही. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात, त्यावर पहाटे अस्वलं येतात. त्या दिवसांत उजाडायच्या आत सायकल काढू नका.

आता शांततेबद्दल, कारण तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. मला वाटायचं, शांतता म्हणजे झोपेची सोय. तिसऱ्या सकाळी कळलं की ती सायकलच्या कामाची वस्तू आहे.

उतारावर होतो. पुढं भाचा, मग मी, मागं मास्तर. दोन्ही बाजूंना बांबूची बेटं, सूर्य अजून झाडांच्या खाली. मुरमावर टायरची करकर आणि मागच्या चाकाच्या हबची टिकटिक एवढाच आवाज. अचानक मास्तरांनी मागून हलक्या आवाजात म्हटलं, “थांबा.” ब्रेक दाबला, पाय टेकले. हबची टिकटिक थांबली तसं ऐकू आलं. डाव्या हाताच्या बांबूत वाळकी पानं चुरत होती. एका जागी नाही, हळूहळू सरकत, रस्त्याकडे. मग एक फुसकारा, मोठ्या भात्यातून हवा सोडल्यासारखा. आम्ही सायकली हातात धरून उलटे, पाऊल पाऊल मागं सरकलो. साठ-सत्तर हातांवर गवे रस्त्यावर आले. आधी एक मोठी गाय, मग दोन, मग वासरू आणि सगळ्यात शेवटी काळाभोर बैल. बैल रस्त्याच्या मधोमध थांबला आणि आमच्याकडे बघत राहिला. उन्हाची एक तिरीप त्याच्या खांद्यावरच्या उंचवट्यावर पडलेली, कातडीखालचा स्नायू हललेला दिसला. भाच्याचा हात माझ्या दंडावर होता, मला त्याची पकड जाणवत होती. मिनिटभरानं बैल उजवीकडच्या उतारात उतरला. आम्ही आणखी पाच मिनिटं थांबलो, एखादा मागं राहिलेला असतो.

नंतर भाचा म्हणाला, “मामा, मले तर काहीच ऐकू आलं नोतं.” तो कानात इअरफोन घालून येत होता, एका कानात गाणं. दुसऱ्या सकाळपर्यंत मीही त्याला बोललो नव्हतो. त्या दिवशी त्यानं ते काढून पिशवीत टाकले. माझी कळकळीची विनंती आहे, या डोंगरात कानात काही घालू नका. वळणापलीकडची एसटी हॉर्नवरून कळते, गवा पानांवरून कळतो, ब्रेकचा पॅड संपत आलाय हेसुद्धा आवाजावरूनच कळतं. आणि रात्रभर डीजेखाली न झोपलेल्या माणसाचे कान सकाळी बधिर असतात, हे मी मागच्या वर्षी भोगलंय.

जंगलाच्या हद्दीबद्दल एक सांगणं. वैराटकडचा भाग व्याघ्र प्रकल्पात येतो. सायकल वळवायचा मोह होईल, वळवू नका. कुठल्याही वाटेवर वनखात्याचा नाका किंवा फलक दिसला की उतरून विचारा. गाविलगड बघायचा तर सायकली बाहेर ठेवून पायी जा. किल्ल्याच्या दगडी पायवाटांवर टायर नेण्यात काही शहाणपण नाही. आम्ही दुसऱ्या दुपारी गेलो. दारावरची शिल्पं मास्तरांनी तासभर बघितली, आम्ही सावलीत बसून भाकरी खाल्ली. भीमकुंडाकडे मंगळवारी सकाळी गेलो तर आम्ही तिघंच. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं, त्यावरून कीचकदरा आणि त्याचं चिखलदरा, ही कथा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण त्या कड्यावर, खाली धुकं भरलेलं असताना, दरीकडे बघून ती पुन्हा एकदा सांगावीशी वाटली आणि मी भाच्याला सांगितली.

जेवणाची थाळी दीडशे रुपये. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, वांग्याचं भरीत, लसणाचा ठेचा आणि वाटेल तेवढं ताक. भात शेवटी. तूप वाढताना आजींचा हात सैल. पण मी दुपारी घरी असलो की चुलीपाशी जाऊन बसायचो ते खवा बघायला. या भागातला खवा आणि रबडी आमच्याकडे सगळीकडे नावाजलेली आहे, करताना मात्र मी पहिल्यांदा पाहिलं. मोठी लोखंडी कढई, खाली साजेसा जाळ, आणि दादांची बायको लांब दांड्याच्या उलथन्यानं कढईचा तळ खरवडत राहते. हात थांबला की तळ लागला. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण किलोभर खवा होतो. दूध आधी उकळतं, मग रवाळ होतं, मग कडेनं सुटायला लागतं. कढईला सुटत आलेला गरम खवा ताईंनी पळसाच्या पानावर ठेवून दिला, वर साखरेची चिमूट. मी तो खाल्ला आणि बराच वेळ काही बोललो नाही. परत निघताना तिघांनी मिळून चार किलो घेतला. जानेवारीत गेलात तर पठारावरच्या मळ्यांतल्या स्ट्रॉबेऱ्या रस्त्यावर विकायला असतात, त्याही घ्या. पाठीवरच्या पिशवीत मात्र ठेवू नका, घाट उतरेपर्यंत रस होतो.

आता कमी काय आहे ते. चार खोल्यांना मिळून दोन संडास आणि दोन मोऱ्या, त्याही अंगण ओलांडून. पहाटे थंडीत ते अंतर जाणवतं. अंघोळीचं पाणी बंबात तापवतात, नंबर लावावा लागतो. खव्याच्या भट्टीचा धूर वारा फिरला की सरळ पहिल्या दोन खोल्यांत येतो. मास्तरांचे डोळे चुरचुरत होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी खोली बदलून घेतली. तुम्ही आधीच गोठ्याच्या बाजूच्या खोल्या मागा. पांघरूण प्रत्येकी एकच रजई, ती पुरत नाही. दुसरी मागितल्यावर लगेच मिळाली, पण ती आधीच ठेवायला हवी. मी दादांना तसं सांगितलं आहे. मुख्य रस्त्यापासूनचा मुरमाचा उतार रात्री धोक्याचा आहे, एक दिवासुद्धा नाही. लहान मोटार कशीबशी जाते. सायकलची दुरुस्ती वर कुठं होत नाही असंच धरून चला. पंप, चेनची लिंक, दोन ट्यूबा, ब्रेक पॅडची जोडी आणि हो, जास्तीचा हँगर, हे घरूनच न्या.

फोनला रेंज अंगणातल्या आंब्याखाली येते, तीही कधी कधी. त्यामुळे फोनवरून पैसे जातीलच असं नाही, रोख ठेवा. दोघांच्या खोलीचे आम्ही रात्रीचे नऊशे दिले. त्याच आठवड्यात वर साध्या खोलीला तिप्पट सांगत होते.

एक काळजी मनात आहे ती लिहितोच. या गावांच्या विकासाचं नियोजन सिडकोकडे आहे, काचेच्या स्कायवॉकचं काम त्यांनी हाती घेतलेलं आहे. तो झाला की गर्दी वाढणार, आणि रस्त्यालगतच्या जमिनींचे भाव दादांच्या तोंडून ऐकले तेव्हा मी गप्प झालो. त्यांच्या म्हशींची चराई आधीच आखडत चालली आहे. गाड्या आल्या म्हणजे घरात पैसाही येईल, तो त्यांना यायलाच हवा. पण तो खोल्यांना एसी आणि लॉनला डीजे लावून येऊ नये असं मला फार वाटतं. आपण अशा घरी उतरलो, आठवड्याच्या मधल्या वारी उतरलो, पुन्हा पुन्हा उतरलो, तर गोठा ठेवूनही खोल्या भरतात हे त्यांना दिसेल. दादांनी मला विचारलं होतं, “भाऊ, टीव्ही लावू काय खोल्याईत?” मी म्हटलं, टीव्ही नको, त्या पैशात मोरीत एक दिवा आणि रजया घ्या, आणि सायकली टांगायला कुटाराच्या खोलीत चार खुंट्या ठोका.

चौथ्या दिवशी सकाळी उतरलो. घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, डिस्क तापून ब्रेक ढिला पडतो. वळणाच्या आधी नीट धरून वेग मारा आणि मग सोडा. धामणगावला चहा घेतला. परतवाड्याच्या बाजूला बहिरमच्या यात्रेच्या गाड्यांची वर्दळ सुरू झालेली होती.

जायचं कसं, तर मोथा गाव आलं की चिखलदऱ्याकडे तोंड करून हळू चालवा. फलक लहान आहे, उन्हानं निळा रंग उडत आलाय, चटकन दिसत नाही. फोन लागला नाही तर कुणालाही खव्याची भट्टी आणि सायकलवाल्यांच्या खोल्या म्हणून विचारा. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार आम्ही पुन्हा दोन खोल्या सांगून ठेवल्या आहेत, दोन मोकळ्या आहेत. परवा दादांचा आंब्याखालून फोन आला होता. खुंट्या ठोकून झाल्या म्हणाले, सागाच्या आहेत, आणि चारऐवजी सहा.